माझ्याच डिझर्टेशनची उलटतपासणी: अतिनील दिवा आणि 'लाल झालेले' गोल्डफिश

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा फोन आला. मी जिथून एम.एस्सी. केलं त्याच विभागात तो आता दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "ताई, तुमचं डिझर्टेशन लायब्ररीत मिळालं. मी तेच पुढे नेतोय. पीएच.डी.चं प्रपोजलपण त्यावरच लिहायचं ठरवलंय." खरं सांगते, आधी छान वाटलं. काळ्या रेक्झिनच्या बांधणीतलं आपलं काम कुणीतरी कपाटातून काढून उघडलं, हेच मुळात अप्रूप. मग सहज विचारलं, "दिवा कुठला वापरतोयस?"

"घरचा जुना वॉटर प्युरिफायर होता, त्यातली यूव्ही ट्यूब काढलीय. तुम्ही टाकीवर काचेचं झाकण ठेवलं होतं ना, मी ते काढणार आहे. म्हणजे सगळा यूव्ही थेट माशांवर पडेल."

"ट्यूबवर काय लिहिलंय ते वाच बरं."

"टीयूव्ही. 11 वॅट."

मी म्हटलं, ती आधी खोक्यात ठेव, पिन अजिबात लावू नकोस, संध्याकाळी बोलू.

आता यात त्याची चूक शोधायला जाल तर फारशी सापडणार नाही. माझ्या डिझर्टेशनच्या 'साहित्य व पद्धती' या प्रकरणात दिव्याबद्दल एकच वाक्य आहे: टाकीच्या वर 18 वॅटचा यूव्ही दिवा बसवण्यात आला. बस, एवढंच. तरंगलांबी नाही, ट्यूबचा प्रकार नाही, पाण्यापासूनचं अंतर नाही. त्यानं 'यूव्ही म्हणजे यूव्ही' असा अर्थ घेतला. तसा अर्थ घ्यायला मीच लावलं होतं.

म्हणून या वेळी दुसऱ्या कुणाच्या पेपरची चिरफाड न करता स्वतःच्याच कामाची करते. तुमच्यापैकी बरेच जण सध्या नेटची नाहीतर पेटची तयारी करताय, काही जण प्रपोजल लिहिताय. दुसऱ्याच्या पेपरमधल्या चुका काढणं सोपं असतं. आपल्या पेपरमधल्या चुका आपल्याला दिसत नाहीत, कारण निष्कर्ष आपल्याला आधीच आवडलेला असतो.

यूव्ही म्हणजे नक्की कुठला?

अतिनील पट्टा 100 ते 400 नॅनोमीटरचा. त्यात 315 ते 400 हा यूव्ही-ए, 280 ते 315 हा यूव्ही-बी आणि त्याखालचा यूव्ही-सी. पुस्तकात हे एका ओळीत येतं आणि आपण ते एका गुणासाठी पाठ करतो. माशाच्या दृष्टीने मात्र या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सूर्याच्या प्रकाशातला यूव्ही-सी वातावरणातच अडतो, त्यामुळे तळ्यातल्या कुठल्याच माशाची त्याच्याशी कधी गाठ पडत नाही.

प्युरिफायरमधली ट्यूब ही कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेची असते आणि तिचा मुख्य प्रकाश 254 नॅनोमीटरचा. डीएनए याच भागात प्रकाश भरपूर शोषतो, म्हणून जंतू मरतात. साध्या काचेतून हा प्रकाश बाहेरच येत नाही, म्हणून तिची काच क्वार्ट्झची किंवा तशाच खास प्रकारची असते. टाकीला लावायचा 'यूव्ही स्टरिलायझर' मिळतो, त्यातही अशीच ट्यूब असते. पण ती बंद नळकांड्यात असते, पंप पाणी तिच्याजवळून फिरवतो आणि मासे बाहेर राहतात. नळकांडं बंद ठेवण्यामागे कारण आहे. आपल्या कातडीवर मृत पेशींचा थर असतो, तो थोडंफार झेलतो. माशाची बाह्यत्वचा वरपर्यंत जिवंत असते, खवल्यांच्याही वर, आणि तिच्यावर फक्त चिकट स्रावाचा थर. गोल्डफिशला पापण्या नाहीत. डोळे मिटून घ्यायची सोयच नाही. आणि टाकीत वाकून बघणाऱ्याचं काय? वेल्डिंगवाल्यांना विचारा. त्या वेळी काही जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं.

माझा दिवा हा नव्हता. माझी होती लॅमिंग्टन रोडवरून आणलेली काळपट-निळ्या काचेची ट्यूब, जिला 'ब्लॅकलाइट' म्हणतात. नोटा तपासायच्या यंत्रात तिची छोटी बहीण असते, आणि गणपतीच्या देखाव्यात रंग चमकवायला हीच लावतात. हिचा प्रकाश 365 ते 370 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे यूव्ही-ए, सोबत थोडा जांभळा. साध्या काचेतून यातला बराचसा पार होतो. ज्युनिअरनं झाकण काढायचं ठरवलं ते यूव्ही-बीच्या बाबतीत योग्य ठरलं असतं, कारण काच तो बऱ्यापैकी अडवते; माझ्या ट्यूबला त्याचा फारसा फरक पडला नसता. पण माझ्या लिखाणातून त्याला हे कसं कळावं? वर मत्स्यालयाच्या दुकानात 'यूव्ही' म्हणून जे निळे-जांभळे एलईडी मिळतात, त्यातले कित्येक 400 च्या वरचे, म्हणजे अतिनील नव्हेतच. दुकानदार फसवतो असं मी म्हणत नाही. त्याच्या भाषेत जांभळं दिसणारं सगळं यूव्ही. संशोधकाला ही सूट नाही.

ही समजूत आली कुठून

मी विषय निवडला तो कुर्ल्याच्या मासळीबाजारात ऐकून. खायच्या नव्हे, शोभेच्या. तिथे एकानं ठामपणे सांगितलं की यूव्ही लावला की पंधरा दिवसांत मासा खुलतो. ते अनुभवाचे बोल होते, आणि अनुभव खोटा नव्हता. हिरव्या झालेल्या पाण्यात स्टरिलायझर लावला की तरंगणारं शेवाळ मरतं, पाणी नितळ होतं आणि मासा लखलखीत दिसतो. मासा तोच, पाणी बदललं.

दुसरी गोष्ट म्हणजे 'चमकणारे' मासे. झेब्रा डॅनिओमध्ये फ्लुरोसंट प्रथिनाचं जनुक घालून तयार केलेला मासा अमेरिकेत 2003-04 पासून 'ग्लोफिश' या नावानं विकला जातो. निळ्या किंवा अतिनील दिव्याखाली तो पेटल्यासारखा दिसतो. ती चित्रं आता सगळीकडे फिरतात, आणि बघणाऱ्याच्या मनात नकळत एक सूत्र बसतं: दिव्यानं रंग येतो. रंगाची कारागिरी त्या जनुकाची आहे, दिवा फक्त ती दाखवतो.

मला हे सगळं आधी वाचायला हवं होतं. मी आधी ट्यूब आणली, मग माशांची पिशवी, आणि संदर्भ सगळ्यात शेवटी, जमा करायच्या आदल्या महिन्यात. आधी कळस, मग पाया.

मी केलं काय

दोन काचेच्या टाक्या. प्रत्येकीत बारा छोटे गोल्डफिश. एकीवर ब्लॅकलाइट, दुसरीवर काहीच नाही, फक्त खोलीची ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड. दोन्हींना एकच खाद्य. साठ दिवस. दर दहा दिवसांनी मोबाइलवर फोटो, त्यातून लाल रंगाचं मूल्य काढायचं, शेवटी टी-टेस्ट. दिव्याखालचे मासे जास्त लाल निघाले, पी 0.05 च्या खाली आली, मी पेढे वाटले.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला होता: "फोटो काढताना दिवा बंद केला होता का?" मी म्हटलं, "नाही सर, पण दोन्ही टाक्यांचे फोटो एकाच मोबाइलवर काढलेत." ते हसले, पुढचं पान उलटलं आणि चांगले मार्क देऊन गेले. आज वाटतं, त्यांनी तिथेच अडवायला हवं होतं. कदाचित दुपारची गाडी पकडायची असेल.

त्या एका प्रश्नात माझा निम्मा निष्कर्ष बुडतो. आई साडी घ्यायला गेली की काय करते? दुकानातल्या दिव्याखाली कितीही आवडली तरी पदर हातात घेऊन दाराशी जाते आणि उजेडात बघते. वस्तूचा दिसणारा रंग म्हणजे वस्तू, तिच्यावरचा प्रकाश आणि बघणारा डोळा, या तिघांचा हिशेब. मी दोन साड्या दोन वेगळ्या दिव्यांखाली बघितल्या आणि एक जास्त लाल आहे असं लिहून दिलं. त्यात बघणारा डोळा मोबाइलचा. समोरचा प्रकाश जांभळट आहे असं दिसलं की मोबाइल स्वतःहून 'व्हाइट बॅलन्स' बदलतो, म्हणजे चित्रातले रंग आपल्या अंदाजानं सारखे करतो. माझी मूल्यं माशाची किती आणि फोनच्या सॉफ्टवेअरची किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मूळ फोटोही उरलेले नाहीत.

योग्य रीत अशी: मासा दोन्ही टाक्यांतून काढून एकाच ठरावीक पांढऱ्या उजेडात, एकाच पार्श्वभूमीवर, रंगांचं प्रमाणित कार्ड शेजारी ठेवून मोजायचा, आणि कॅमेऱ्याची सगळी स्वयंचलित सेटिंग बंद. परवडलं तर रंगमापक यंत्र. आणि मोजणाऱ्याला मासा कुठल्या टाकीतला हे माहीत नसावं. मला माहीत होतं. मला तर प्रत्येक माशाचं नाव माहीत होतं.

समजा खरंच लाल झाले असतील?

इथे मी स्वतःला थोडी संशयाचा फायदा देते, कारण खरा मजेशीर भाग इथे आहे. समजा, सगळं नीट मोजूनही दिव्याखालचे मासे लाल निघाले असते. मग तरी श्रेय यूव्हीला देता आलं असतं का?

माशाच्या कातडीत रंगपेशी असतात. काळ्या पेशींत मेलॅनिन, ते मासा स्वतः बनवतो. पिवळ्या-लाल पेशींत मुख्यतः कॅरोटिनॉइड, आणि ही द्रव्यं कुठलाच मासा मुळापासून बनवू शकत नाही. ती खाण्यातूनच यावी लागतात. फार तर आत गेल्यावर एकाचं दुसऱ्यात रूपांतर करता येतं. गोल्डफिश झियाझँथिनपासून तांबडं अ‍ॅस्टाझँथिन बनवतो, ही त्याची खासियत. तिसऱ्या प्रकारच्या पेशींत ग्वानिनचे स्फटिक असतात, चकाकी आणि निळा-हिरवा रंग त्यांच्यामुळे. निऑन टेट्राचा पट्टा हे त्याचं उत्तम उदाहरण. स्फटिकांमधलं अंतर बदलतं तसा रंग बदलतो.

आता सांगा, अतिनील किरण कॅरोटिनॉइड आणणार कुठून? प्रकाशानं ते उलट मोडतं. रंग वाढवणारं खाद्य बंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवायला सांगतात ते याचसाठी. दिवा आणि लाल रंग यांच्यामध्ये काहीतरी तिसरं असलं पाहिजे. ते माझ्या टाकीत होतं, आणि मी ते रोज बघत होते.

शेवाळ! दिव्याच्या टाकीच्या काचांवर हिरवा थर धरला होता, दुसरीत जवळजवळ नाही. त्या ट्यूबमधून येणारा प्रकाश थोडा, पण दुसरीपेक्षा दिवसाचे कितीतरी तास जास्त, शिवाय ती टाकी खिडकीच्या बाजूला होती (हेही डिझर्टेशनमध्ये नाही). गोल्डफिश दिवसभर काच चोखत फिरतो, आणि शेवाळात ल्युटीन, झियाझँथिन यांसारखी कॅरोटिनॉइड असतात. दोन्हींना 'एकच खाद्य' दिलं असं मी छातीठोकपणे लिहिलंय. एका टाकीला भिंतीवरचा फुकट फराळ चालू होता! फोटोत हिरवं दिसू नये म्हणून मी फोटोआधी पुढची काच तेवढी पुसायचे. निष्कर्षाला हात न लावता पुरावा पुसायचा असेल तर यापेक्षा चांगली पद्धत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. ब्लॅकलाइट मी रात्रीही चालू ठेवत असे, कारण खोलीत तो जवळजवळ अंधारच वाटायचा. आपल्या डोळ्याचं भिंग यूव्ही-ए अडवतं, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. गोल्डफिशला दिसतो. त्याच्या डोळ्यात अतिनीलसाठी वेगळ्या शंकूपेशी आहेत. म्हणजे माझ्यासाठी जी रात्र होती ती त्यांच्यासाठी चोवीस तासांचा दिवस होता. ते जास्त खात होते का, झोपत होते का, ताणात होते का, कशाचीच नोंद नाही. आणि रंगपेशींना हुकूम बऱ्याच अंशी डोळ्यांवाटे मेंदूकडून जातात. कार्ल फॉन फ्रिश यांनी 1911 च्या सुमारास मिनो माशांवर याचाच अभ्यास केला होता. मधमाश्यांकडे ते नंतर वळले. गडद पार्श्वभूमीवर मासा काळवंडतो, फिकट पार्श्वभूमीवर उजळतो. माझी एक टाकी हिरवी, दुसरी स्वच्छ. पार्श्वभूमीही वेगळी झाली.

तापमान? खोलीत एक थर्मामीटर होता. टाकीत नव्हता.

आणि वय. गोल्डफिशची पिल्लं सुरुवातीला काळपट-तपकिरी असतात; वाढताना काळ्या पेशी नाहीशा होत जातात आणि खालचा केशरी वर येतो. माझ्या पिशवीत काही मासे अजून त्या टप्प्यात होते. ते दोन टाक्यांत चिठ्ठ्या टाकून विभागले नाहीत. जाळीत आधी जे सापडले ते पहिल्या टाकीत.

चोवीस मासे म्हणजे किती?

हा मुद्दा तुम्हाला मुलाखतीत विचारला जाण्याची शक्यता आहे, म्हणून नीट बघा. माझ्या टी-टेस्टमध्ये दोन्हीकडे बारा-बारा निरीक्षणं होती. पण दिवा माशांवर स्वतंत्रपणे लावला नव्हता, टाकीवर लावला होता. एका टाकीतले बारा मासे तेच पाणी, तेच शेवाळ, तीच खिडकी वाटून घेतात. त्यामुळे खरा नमुना प्रत्येक बाजूला एक. एकाची तुलना एकाशी, त्यावर कुठलीच टेस्ट चालत नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 साली 'इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स'मध्ये याच चुकीवर लेख लिहिला आणि तिला नाव दिलं 'स्यूडोरेप्लिकेशन', आपण म्हणू आभासी पुनरावृत्ती. लेख माझ्या जन्माच्या आधीचा. मी तो पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये वाचला, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पी-व्हॅल्यू खोटी नव्हती. तिनं इतकंच सांगितलं की या दोन टाक्या वेगळ्या आहेत. त्या तर होत्याच.

दुसऱ्यांनी काय पाहिलं होतं

संदर्भ आधी वाचले असते तर प्रश्नच उलटा मांडला असता. जपानमध्ये मादाई नावाचा लाल मासा समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवतात. तांबडा रंग ही त्याची किंमत. सणासमारंभात तो शुभ मानतात. रानातला मादाई खोल पाण्यात राहतो. पिंजऱ्यात तो पृष्ठभागाजवळ येतो आणि उन्हानं काळवंडतो, आपण शेतात काळवंडतो तसाच. मग हे शेतकरी काय करतात? पिंजऱ्यांवर काळं कापड टाकून ऊन अडवतात, आणि खाद्यातून अ‍ॅस्टाझँथिन देतात, कारण या माशाला गोल्डफिशसारखं ते स्वतः बनवता येत नाही. म्हणजे माशाच्या लाल रंगावर ज्यांचं पोट आहे, ते अतिनील वाढवत नाहीत, टाळतात. माझ्या डिझर्टेशनच्या प्रस्तावनेत 'व्यावसायिक उपयोग' असं एक उपशीर्षक आहे. त्यात मादाईचं नावही नाही.

दुसरं उदाहरण हवाईचं, आणि प्रयोगाची रचना शिकायला फार छान. 1996 मध्ये लोव आणि गुडमन-लोव यांनी 'नेचर'मध्ये हातोडी शार्कच्या पिल्लांवर एक छोटा लेख लिहिला. उथळ, उन्हाच्या तळ्यात ठेवलेली पिल्लं काळी पडत होती. कारण ऊन, की खाद्य, की बंदिवास? त्यांनी काही पिल्लांच्या छातीच्या परांवर किरण अडवणारे छोटे पडदे लावले. पडद्याखालची कातडी फिकट राहिली, बाजूची काळी झाली. तोच मासा, तेच पाणी, तेच खाणं, तेच वय. फरक एकच. माझी दोन टाक्यांची सगळी भानगड त्यांनी एका परावर मिटवली. आणि उत्तर काय, तर मेलॅनिन वाढलं. काळा रंग. अतिनीलचा माशाच्या कातडीवरचा खात्रीचा परिणाम म्हणून जे सांगता येतं ते बहुतेक याच बाजूचं आहे, आणि तो संरक्षणाचा भाग आहे, सौंदर्याचा नाही.

'अतिनील आणि माशाचा रंग' हा विषय म्हणून टाकाऊ आहे असं यातून समजू नका. उलट. मेक्सिकोतल्या तलवारशेपटी माशांच्या नरांवर अतिनील परावर्तित करणारे पट्टे असतात. माद्यांना ते दिसतात, त्यांना खाणाऱ्या टेट्राला फारसे दिसत नाहीत. 2003 चं कमिंग्ज, रोझेंथल आणि रायन यांचं काम आहे, जरूर वाचा. प्रवाळातल्या एका छोट्या पिवळ्या डॅमसेल माशाच्या चेहऱ्यावर अतिनीलमध्येच दिसणारी नक्षी असते, आणि ते एकमेकांना तिच्यावरून ओळखतात. तिथे अतिनील हा रंग आणणारा दिवा नाही, तोच एक रंग आहे. फक्त आपल्यासाठी नाही. शोभेच्या माशाचा रंग 'खुलला' असं आपण म्हणतो तेव्हा तो कुणाच्या डोळ्याला खुलला, हे माझ्या डिझर्टेशनमध्ये एकदाही विचारलेलं नाही.

ज्युनिअरशी झालेलं बोलणं

संध्याकाळी दोन तास बोललो. त्याचा पहिला प्रश्न सरळ होता: "मग बरोबर प्रयोग कसा करायचा?" मी सांगितलं, दिवा दोन्हीकडे लाव. एका बाजूला दिव्याखाली अतिनील अडवणारा पॉलीकार्बोनेटचा पत्रा, दुसऱ्या बाजूला अतिनील जाऊ देणारं खास अ‍ॅक्रिलिक, म्हणजे उष्णता आणि दिसणारा उजेड जवळपास सारखा राहील. पाण्यात, मासा जिथे पोहतो त्या खोलीवर, प्रकाश मोजायचा. ट्यूबवरचे वॅट म्हणजे विजेचा खप, माशाला मिळणारा डोस नव्हे. टाक्या अनेक, चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या. कॅरोटिनॉइड कातडीतून काढून मोजायचं, काळ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या, म्हणजे 'रंग' हा एक शब्द दोन आकड्यांत फुटेल. आणि एवढं करूनही एक अडचण राहतेच: गोल्डफिशला अतिनील दिसतो, त्यामुळे पत्र्याखालची टाकी त्याच्यासाठी थोडी अंधारी. तो कमी खाईल. म्हणून खाल्लेलं मोजायचं.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एवढं आपल्या विभागात नाही होणार, ताई." खरंय. प्रकाश मोजायचं यंत्र नाही, अ‍ॅक्रिलिक बाहेरून मागवावं लागेल. शिवाय माशांवरच्या प्रयोगांसाठीही नैतिक समितीची परवानगी आणि मार्गदर्शक सूचना असतात. माझ्या वेळी 'मासेच तर आहेत' म्हणून कुणी विचारलं नव्हतं. माझ्या दिव्याखालच्या टाकीत दोन मासे पन्नाशीच्या दिवसांत मेले. डिझर्टेशनमध्ये ते 'नैसर्गिक मृत्यू' म्हणून आहेत. नैसर्गिक हे मला कसं कळलं, ते मला आज आठवत नाही.

शेवटी दिवाच बाजूला ठेवायचा ठरला. त्याचा नवा प्रश्न असा: साध्या पांढऱ्या उजेडात वाढलेल्या गोल्डफिशच्या लाल रंगात काचेवरच्या शेवाळाचा वाटा किती? सहा टाक्या. सगळ्यांना सारखा उजेड, सारखं खाद्य. तीन टाक्यांच्या काचा रोज खरवडायच्या, तीनच्या नाही. खर्च जवळजवळ शून्य, कॅरोटिनॉइड काढायला अ‍ॅसिटोन आणि विभागातला स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरेल. सहा टाक्या कमीच आहेत, पण एकास एक यापेक्षा बऱ्या.

दोन दिवसांनी त्याचाच मेसेज आला: "ताई, रोज खरवडल्यानं मासे घाबरतील ना? मग उरलेल्या तीन टाक्यांतपण खरवडणी फिरवू का, काचेला न लावता?"

हे मला सुचलं नव्हतं.

मधल्या काळात मी जुन्या विभागात जाऊन आले. डिझर्टेशनमध्ये शुद्धिपत्र चिकटवायची परवानगी मागितली. ग्रंथपालांनी सांगितलं की जमा झालेल्या प्रतीत काही चिकटवायचा नियम नाही, पण सुटा कागद आत ठेवायला हरकत नाही. मग एका कागदावर दिव्याची तरंगलांबी, काचेचं झाकण, खिडकीची बाजू, शेवाळ, रात्रीचा दिवा आणि दोन मेलेले मासे, एवढं लिहिलं. वर मोठ्या अक्षरात: 'प्युरिफायरची ट्यूब उघडी वापरू नये.' कागद पान 31 वर ठेवलाय, 'यूव्ही दिवा बसवण्यात आला' या वाक्यावर. सुटा आहे, कुणी पुस्तक हलवलं तर पडेल. तुमच्यापैकी कुणी त्या लायब्ररीत गेलात आणि तो खाली दिसला, तर परत तिथेच ठेवा.